मजुरीतील तफावत : मोजमाप, कारणे आणि गावपातळीवरील उपाय

एकाच दिवसाच्या श्रमाला एकाच गावात निरनिराळे मोल मिळते, ही गोष्ट ग्रामीण जीवनात इतकी रुळलेली आहे की तिच्याकडे प्रश्न म्हणून पाहण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. सोयाबीन, तूर, मूग, उडीद आणि हरभरा ही या भागातील प्रमुख पिके होत. पावसाळ्यात खुरपणीला जाणाऱ्या स्त्रीचा रोज वेगळा आणि त्याच शेतात फवारणी करणाऱ्या पुरुषाचा रोज वेगळा असतो. सालगडी गुढीपाडव्यापासून वर्षाच्या बोलीवर राहतो. सोयाबीनच्या काढणीला माणसांची टोळी गुत्ते घेते. ट्रॅक्टर चालविणाऱ्याचा भाव आणखी निराळा, आणि त्याच गावातील शाळेत शिकविणाऱ्या शिक्षकाचे मासिक वेतन तर या सर्वांहून निराळ्याच नियमांनी ठरते.

यातील काही फरक स्वाभाविक आहेत, हे मान्य केले पाहिजे. कौशल्य, शिक्षण, जबाबदारी आणि कामातील धोका यांचे मोल कमीअधिक असणारच. परंतु सगळाच फरक कामाच्या स्वरूपामुळे पडतो काय, की त्यातील बराचसा भाग रूढी, राज्यांच्या सीमा, सरकारी नियम आणि मजुराची घासाघीस करण्याची शक्ती यांमुळे पडतो? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण जो फरक कामामुळे पडतो तो सहजी पुसता येत नाही. जो माणसांनी पाडला आहे तो मात्र माणसांना कमी करता येतो. मराठवाड्याचा आणि जगातील निरनिराळ्या देशांचा अनुभव याच गोष्टीची साक्ष देतो.

तफावत मोजावी कशी?

कोणत्याही प्रश्नाची चर्चा करण्यापूर्वी तो मोजण्याची रीत ठरविणे आवश्यक असते. मजुरीतील तफावत दोन प्रकारांनी मोजता येते. एक प्रकार म्हणजे रुपयांतील अंतर आणि दुसरा प्रकार म्हणजे गुणोत्तर. समजा, एका मजुराला दिवसाला १०० रुपये व एका कुशल कारागिराला ४०० रुपये मिळतात. अंतर ३०० रुपयांचे आणि गुणोत्तर चारपट. काही वर्षांनी मजुराला २०० व कारागिराला ७०० रुपये मिळू लागले, तर गुणोत्तर साडेतीनपटीवर आले, म्हणजे विषमता कमी झाली असे म्हणता येते. परंतु रुपयांतील अंतर मात्र ५०० वर गेले. दोन्ही विधाने खरी आहेत. म्हणूनच तफावत वाढली की घटली असे कोणी सांगितले, तर ती कोणत्या मापाने, हे आधी विचारावे.

संपूर्ण देशाची तफावत मोजण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ एक सोपी युक्ती वापरतात. सर्व कमावत्या माणसांना वेतनाच्या चढत्या क्रमाने एका रांगेत उभे केले आहे, अशी कल्पना करावी. रांगेत १०० माणसे असतील तर खालून दहाव्या माणसाचे वेतन आणि नव्वदाव्या माणसाचे वेतन यांची तुलना करावयाची. नव्वदावा माणूस दहाव्याच्या किती पट कमावतो, यावरून त्या देशातील वेतनविषमतेची कल्पना येते. दोन टोकांचे अतिश्रीमंत व अतिदरिद्री लोक बाजूला राहत असल्यामुळे हे माप पुष्कळसे भरवशाचे ठरते.

याशिवाय आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे मजुरीची खरी किंमत. समजा, रोज २०० रुपये असताना ज्वारी २५ रुपये किलो होती, तर दिवसाच्या श्रमाचे मोल आठ किलो ज्वारी झाले. पुढे रोज ३०० रुपये झाला, पण ज्वारी ५० रुपये किलो झाली, तर तेच मोल सहा किलोवर आले. हातात नोटा अधिक आल्या, परंतु घरात धान्य कमी आले. दुसरी गोष्ट म्हणजे कामाचे दिवस. वर्षाची कमाई ही रोजाचा दर आणि मिळालेले दिवस यांच्या गुणाकाराने ठरते. मासिक वेतनाच्या माणसाला रविवारचाही पगार मिळतो. शेतमजुराला मात्र पाऊस लांबला तरी घरी बसावे लागते आणि अतिवृष्टी झाली तरी घरीच बसावे लागते. घरणी आणि साकोळ येथील मध्यम प्रकल्पांचे पाणी ज्या शिवारांना मिळते, तेथे रब्बीतही कामे निघतात. कोरडवाहू शिवारातील मजुराचे दिवस त्या मानाने कमी भरतात. दर तोच असला तरी वर्षाची कमाई तीच राहत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक वेतन अहवालानुसार २०११-१२ साली देशातील सरासरी रोजची कमाई सुमारे २४७ रुपये होती, तर हंगामी व रोजंदारीवरील मजुराची सरासरी केवळ १४३ रुपये होती. १९९३-९४ ते २०११-१२ या काळात खरे वेतन जवळजवळ दुप्पट झाले. त्याच काळात स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तूट ४८ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आली. म्हणजे प्रगती झाली हे निश्चित. पण उरलेली वाटही लहान नाही.

सीमेच्या दोन बाजू

मजुरीचा दर केवळ कामावर अवलंबून नसतो, हे पटवून देणारे एक उदाहरण या तालुक्याच्या अगदी जवळ आहे. शेजारचे निलंगा आणि देवणी हे तालुके कर्नाटकातील बिदर जिल्ह्याला लागून आहेत. निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील बिदर जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेच्या वेळी ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि पुढे १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. सीमेच्या दोन्ही बाजूंना जमीन तीच, पाऊस तोच, पिकेही बहुतांशी तीच. सोयरीकही दोन्हीकडे जुळते.

असे असता २०२४-२५ या वर्षी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेखाली महाराष्ट्रात दररोज २९७ रुपये, तर कर्नाटकात ३४९ रुपये असा मजुरीचा दर होता. मातीचे काम करणाऱ्या मजुराला सीमेच्या अलीकडे ५२ रुपये कमी मिळत होते. वर्षाचे १०० दिवस भरले असे धरल्यास हा फरक ५,२०० रुपयांचा होतो. २०२५-२६ साठी हे दर अनुक्रमे ३१२ व ३७० रुपये झाले. म्हणजे दोन्हीकडे वाढ झाली, तरी अंतर ५८ रुपयांवर गेले. त्याच वर्षी हरियाणातील दर ४०० रुपये होता, तर नागालँड व अरुणाचल प्रदेशात तो २४१ रुपये होता.

हा फरक का पडला? मूळ कायद्यात मजुरीची सांगड राज्याच्या किमान वेतनाशी घातलेली होती. २००९ पासून केंद्र शासनाने दर स्वतंत्रपणे ठरविण्यास प्रारंभ केला आणि २०११ पासून ते शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडले गेले. निर्देशांक दरवर्षी महागाईची भर घालतो. परंतु आरंभीच्या दरांत जे अंतर असते, ते तो भरून काढीत नाही, उलट पुढे नेतो. ज्या राज्याचा आरंभीचा पाया उंच, त्याचा पुढचा दरही उंच राहतो. येथे मजुराच्या कुदळीत अथवा घामात काही फरक नाही. फरक आहे तो हिशोबाच्या रीतीत.

शेतमजुरीच्या खुल्या बाजारातही राज्याराज्यांत मोठे अंतर आढळते. रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये केरळातील पुरुष शेतमजुराचा सरासरी रोज ७६४ रुपये होता, देशाची सरासरी सुमारे ३४५ रुपये होती आणि मध्य प्रदेशात तो २२९ रुपये होता. केरळातील माती तिपटीने अधिक पिकते असे मुळीच नाही. तेथे जमीन सुधारणा झाल्या, शेतमजुरांच्या संघटना उभ्या राहिल्या, १९७४ मध्ये शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला, शिक्षणाचा प्रसार लवकर झाला आणि आखाती देशांत जाऊन काम करण्याचा मार्ग खुला झाला. ज्या मजुराला 'नको' म्हणता येते, त्यालाच योग्य दर मिळतो, हा त्यातील बोध आहे.

दुष्काळाने शिकविलेला धडा

'नको' म्हणण्याचे हे बळ महाराष्ट्राच्या ग्रामीण मजुराला काही प्रमाणात मिळवून दिले ते रोजगार हमी योजनेने. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर येथे या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजना राज्यात सुरू झाली आणि त्याच सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. मे १९७३ मध्ये राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध ही कामे मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या स्मरणात आजही आहेत. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणे हा त्यायोगे कायदेशीर हक्क झाला.

या योजनेची दोन वैशिष्ट्ये मजुरीतील तफावतीच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे मजुरी कामाच्या मोजमापावर ठरत असे. स्त्री की पुरुष यावर नव्हे. जेवढी माती उचलली तेवढे दाम, हा नियम दोघांनाही सारखाच लागू होता. शेतावर रूढीने दिला जाणारा स्त्रीचा कमी रोज येथे चालत नव्हता. त्यामुळेच या कामांवर स्त्रियांची उपस्थिती मोठी राहिली. सरकारी काम जवळ सुरू असले की शेतमालकालाही खुरपणीचा रोज वाढवून द्यावा लागे, असा अनुभव येत असे.

दुसरे वैशिष्ट्य निधी उभारण्याच्या पद्धतीत आहे. १९७५ च्या कायद्याने राज्यात व्यवसाय कर सुरू झाला. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर अशा नियमित उत्पन्नाच्या वर्गाकडून तो वसूल करून रोजगार हमीकडे वळविण्याची आणि त्याइतकीच भर राज्य शासनाने घालण्याची तरतूद करण्यात आली. शासकीय सेवकांच्या वेतनपत्रकात दरमहा दिसणारी व्यवसाय कराची छोटीशी कपात अशा रीतीने जन्माला आली. मुंबईतील कचेरीतला पगार आणि मराठवाड्यातील बांधावरची मजुरी यांना जोडणारा तो एक धागा होता. विषमता कमी करण्याचे काम केवळ खालचा दर वाढवून होत नाही. वरच्यांनी थोडा वाटा उचलावा लागतो, हे तत्त्व त्यात सामावलेले आहे.

या योजनेने आणखीही एक सावधगिरीचा धडा दिला. १९८८ मध्ये राज्यात शेतमजुरांचे किमान वेतन दुप्पट झाले आणि त्याबरोबर हमीच्या कामावरील दरही वाढला. दर वाढला ही स्वागतार्ह गोष्ट होती. परंतु त्या प्रमाणात निधी वाढला नाही, तेव्हा कामे सुरू होण्यास विलंब होऊ लागला आणि मागेल त्याला काम ही हमी काही अंशी आक्रसली, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. कागदावरील दर आणि हातात पडणारी कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढे २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राच्या या अनुभवाची प्रेरणा होती. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षातून १०० दिवस काम देण्याची तरतूद त्यात होती. त्याची जागा घेणारा नवा कायदा डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केला आणि त्यात दिवसांची संख्या १२५ करण्यात आली.

पगाराची शिडी

मजुरीची चर्चा करताना सरकारी वेतनाचाही विचार केला पाहिजे, कारण वरच्या व खालच्या वेतनात किती पट अंतर असावे हे तेथे उघडपणे ठरविले जाते. १९३१ च्या कराची काँग्रेसने असा ठराव केला होता की राज्यकारभारातील कोणाही सेवकाला सामान्यतः दरमहा ५०० रुपयांहून अधिक वेतन असू नये. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नेमलेल्या पहिल्या वेतन आयोगाने १९४७ मध्ये किमान ५५ रुपये व कमाल २,००० रुपये अशी शिफारस केली, म्हणजे अंतर सुमारे ३६ पट होते. चौथ्या आयोगाच्या वेळी, १९८६ मध्ये, किमान वेतन ७५० व कमाल ९,००० रुपये झाले. अंतर १२ पटीवर आले. २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या आयोगात किमान १८,००० आणि कमाल २,५०,००० रुपये असून अंतर सुमारे १४ पट आहे.

चार दशकांत ३६ पटीचे अंतर १२ पटीवर आले, ते चपराशाचे अथवा सचिवाचे काम बदलले म्हणून नव्हे. ते तसे आणावयाचे असे ठरविले गेले म्हणून. मात्र हेही खरे की ही शिडी संघटित सेवेपुरतीच आहे. शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवरील सेवक आणि शिडीच्या बाहेर उभा असलेला शेतमजूर यांच्यातील अंतर वेतन आयोग मोजत नाही. खाजगी उद्योगांत तर सर्वोच्च अधिकारी व साधा कामगार यांच्या वेतनातील अंतर शासकीय सेवेच्या कितीतरी पुढे गेलेले आहे.

देशोदेशींचा अनुभव

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये असा विचार मांडला की, देशात औद्योगिक विकास सुरू झाला की प्रथम विषमता वाढते आणि पुढे विकास पक्का झाला की ती आपोआप घटू लागते. हा विचार दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांतून शिकविला गेला. परंतु पुढील अर्धशतकाच्या अनुभवाने असे दाखविले की यात 'आपोआप' असे फारसे काही नसते.

खुद्द अमेरिकेचेच उदाहरण पाहावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील शासनाने वेतनवाढीवर नियंत्रण ठेवले, खालच्या थरातील कामगारांना झुकते माप दिले आणि कामगार संघटनाही बळकट होत्या. १९४० नंतरच्या दशकात वेतनातील अंतर झपाट्याने कमी झाले आणि पुढे सुमारे तीन दशके ते आटोक्यात राहिले. १९८० च्या सुमारापासून मात्र ते पुन्हा रुंदावले. कामगार संघटना दुबळ्या झाल्या. किमान वेतनाची खरी किंमत १९६८ मध्ये सर्वाधिक होती, ती घसरली. तेथील संघराज्याचा किमान दर २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर थांबलेला आहे. विकास थांबला नाही. समता मात्र मागे पडली.

स्वीडनने निराळा मार्ग धरला. गोस्टा रेन व रुडॉल्फ माइडनर या कामगार संघटनेच्या दोन अर्थतज्ज्ञांनी १९५० च्या सुमारास असे धोरण मांडले की, समान कामाला समान वेतन मिळावे, मग कारखाना नफ्यात असो वा तोट्यात. साऱ्या देशासाठी वेतनाचा करार एकत्र होत असे. जो कारखाना तो दर देऊ शकत नसे त्याने आपली कार्यक्षमता वाढवावी अथवा बंद व्हावे. पण तेथील कामगाराला नवे कौशल्य शिकवून दुसरीकडे काम मिळवून देण्याची जबाबदारी शासनाने उचलली. १९८३ मध्ये अभियांत्रिकी उद्योगाने वेगळा करार करेपर्यंत ही पद्धत एकसंध चालली. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदा आजही नाही. संघटित करार हेच तेथे कायद्याचे काम करतात.

ज्या देशांत संघटनांची पकड सैल झाली, तेथे कायद्याचा आधार घ्यावा लागला. ब्रिटनने १९९९ मध्ये आणि जर्मनीने २०१५ मध्ये देशव्यापी किमान वेतन लागू केले. ब्राझीलने २००० नंतरच्या दशकात किमान वेतन सातत्याने वाढविले आणि तेथील विषमता स्पष्टपणे कमी झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४-२५ च्या अहवालानुसार या शतकाच्या आरंभापासून सुमारे दोन-तृतीयांश देशांत वेतनविषमता घटली आहे. विषमता वाढतच जाणार असे मानून स्वस्थ बसण्याचे कारण नाही, हे या आकड्यावरून दिसते.

यंत्रांचा परिणामही दुर्लक्षून चालणार नाही. डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी वेतनविषमतेचे वर्णन शिक्षण आणि तंत्रज्ञान यांच्यातील शर्यत असे केले. यंत्र पुढे गेले आणि शिक्षण मागे राहिले की यंत्र जाणणाऱ्या थोड्यांचे वेतन वाढते आणि बाकीच्यांचे काम जाते. शिरूर अनंतपाळच्या शिवारात ही शर्यत डोळ्यांनी दिसते. तणनाशकाने खुरपणीचे दिवस कमी केले आणि मळणीयंत्राने खळ्यावरची माणसे घटविली. जे काम गेले ते बहुतांशी स्त्रियांचे. जे नवे काम आले ते ट्रॅक्टर व फवारणी पंप चालविण्याचे, आणि ते बहुतेक पुरुषांच्या हाती गेले. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. पण यंत्र चालविण्याचे शिक्षण मुलींनाही मिळते की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

समान काम, समान दाम

स्त्रीच्या मजुरीचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे. समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये नमूद आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५१ चा या विषयावरील करार भारताने १९५८ मध्ये मान्य केला. १९७५ या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. २०१९ च्या वेतन संहितेत तो विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. वेतनात लिंगभेद करण्यास तिने मनाई केली आहे.

त्याच १९७५ सालच्या २४ ऑक्टोबर रोजी आइसलँड या छोट्या देशातील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी घरातील व बाहेरील सर्व कामे एक दिवस बंद ठेवली. शाळा, मासळीचे कारखाने, दुकाने आणि दूरध्वनी केंद्रे ठप्प झाली. पुढल्याच वर्षी तेथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. परंतु कायदा असूनही अंतर उरते, हे ध्यानात आल्यावर त्या देशाने २०१८ पासून एक पाऊल पुढे टाकले. पंचवीस अथवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेने आपण समान वेतन देतो हे स्वतः सिद्ध करून तसे प्रमाणपत्र घ्यावे, असा नियम केला. तक्रार करण्याचा भार स्त्रीवर न राहता पुरावा देण्याचा भार मालकावर आला.

आपल्याकडील अडचण याहूनही खोल आहे. मराठवाड्यातून दरवर्षी हजारो जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. उचल मुकादमाकडून पतीच्या हाती येते आणि हिशोबही त्याच्याच नावे होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ रुपयांचा दर ३६६ रुपये झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्या टनातील स्त्रीचा वाटा किती, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. जिची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही, तिला ती कमी मिळाली की अधिक, हे सिद्ध तरी कसे करावे? रोजगार हमीच्या हजेरीपटावर तिचे नाव स्वतंत्रपणे लिहिले जात होते, याचे मोल येथे कळते.

गावपातळीवर काय करता येईल?

वेतन आयोग अथवा मजुरीचा निर्देशांक ग्रामपंचायतीच्या हाती नाही, हे उघड आहे. तथापि काही गोष्टी निश्चितपणे तिच्या आवाक्यात आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे वेळेवर काम. रोजाचा दर ठरतो तो मजुराजवळ दुसरा पर्याय असण्यावर. खरीप संपल्यानंतर व उन्हाळ्यात जेव्हा शेतावर काम नसते, नेमक्या त्या महिन्यांत सार्वजनिक कामे सुरू राहतील असा आराखडा ग्रामसभेने आधीच मंजूर करून ठेवावा. काम मागणाऱ्याचा अर्ज घ्यावा आणि त्याला तारखेची पोच द्यावी. पोच नसेल तर मागणीच झाली नाही असा अर्थ निघतो आणि हक्क कागदावरच राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजमाप. मजुरी मोजमापावर ठरते, परंतु मोजमाप कसे झाले हे मजुराला क्वचितच समजते. कठीण मुरूम आणि मऊ माती यांना वेगळा दर असतो. खणणाऱ्याच्या बरोबरीने माती वाहून नेण्याचे अंतर व उंचीही हिशोबात धरावी लागते, आणि वाहून नेण्याचे काम बहुधा स्त्रियाच करतात. मोजमाप मजुरांच्या समक्ष व्हावे व त्याचा अर्थ त्यांना मराठीत सोपा करून सांगावा.

तिसरी गोष्ट म्हणजे दरांची प्रसिद्धी. शेतीसाठी लागू असलेले किमान वेतन, सार्वजनिक कामावरील मजुरीचा दर आणि स्त्री-पुरुषांना समान दराचा नियम हे ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावेत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची नोंद ठेवताना पती-पत्नी दोघांची नावे स्वतंत्र लिहावीत.

चौथी गोष्ट शिक्षकांची आहे. गुणोत्तर, सरासरी व शेकडेवारी हे गणिताचे पाठ शिकविताना गावातील मजुरीचे दर हे उत्तम साहित्य ठरते. खुरपणीचा आणि फवारणीचा रोज किती, एका रोजात किती किलो ज्वारी येते, हे विद्यार्थ्यांनी नाव न घेता विचारून आणावे व वर्गात तक्ता करावा. असा तक्ता दरवर्षी केला तर काही वर्षांत गावाच्या मजुरीचा इतिहासच तयार होईल. याबरोबरच यंत्रदुरुस्ती, पंप व ट्रॅक्टर यांच्या प्रशिक्षणाची माहिती मुलांप्रमाणेच मुलींनाही द्यावी.

शेतकऱ्याची बाजूही येथे विसरता कामा नये. कोरडवाहू शेतकऱ्याला सोयाबीनला भाव मिळाला नाही तर वाढीव रोज देणे त्याला जड जाते, ही वस्तुस्थिती आहे. मजूर आणि लहान शेतकरी हे पुष्कळदा एकाच घरातील असतात. आज जो स्वतःच्या दोन एकरांत राबतो तोच उद्या दुसऱ्याच्या बांधावर जातो. म्हणून शेतमालाला रास्त भाव, पाण्याची सोय आणि मजुराला रास्त रोज या तिन्ही गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागेल. मात्र शेती परवडत नाही म्हणून स्त्रीचा रोज पुरुषापेक्षा कमी असावा, हे म्हणणे कोणत्याही हिशोबात बसत नाही. तोट्याचा भार दोघांपैकी एकीच्याच माथी का, याचे उत्तर रूढीशिवाय दुसरे नाही.

वेतनातील तफावत हा निसर्गाचा नियम नव्हे. अमेरिकेत ती कमी झाली आणि पुन्हा वाढली. स्वीडनमध्ये ती विचारपूर्वक आटोक्यात ठेवली गेली. ब्राझीलमध्ये ती किमान वेतनाने घटली. आणि महाराष्ट्रात दुष्काळाच्या तडाख्यात एका योजनेने स्त्री व पुरुष यांची माती एकाच मापाने मोजली. ते माप सरकारी कामापुरते न राहता शिवारातल्या प्रत्येक बांधावर पोचले, तर १९७६ च्या कायद्याला अभिप्रेत असलेली समानता गावच्या हिशोबवहीत उतरेल.